कागदावरचा वारा

धाकट्या,

तुझ्या बायकोनं तुझं कात्रण पाठवलं. कंपनीच्या वार्षिक अंकात तुझा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत, 'सख्खी भाची विमानात असूनही नियम मोडला नाही'. फोटो चांगला आहे, पोट तेवढं आत ओढलेलं दिसतंय. तिनं हे आत्ता का पाठवावं ते तिचं तिला माहीत, मनात वाईट काही नसणार. मुद्दा तो नाही. फोटोत तुझ्या हातात त्या दिवशीची हवामानाची चिठ्ठी आहे. तू ती ठेवली असशील याची मला खात्रीच होती, तू बसची तिकिटंसुद्धा वर्गवारीनं ठेवायचास. मी भिंग घेतलं आणि चिठ्ठी वाचली. वारा दोनशे अंशांवरून. आता, मी या गावच्या कॉलेजात पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय. आमच्या गावात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून चौदा अंश पश्चिमेला ओढते, हे मी वीस-वीस वर्षांच्या घोड्यांच्या डोक्यात कुटून भरलंय. तेव्हा लांबण लावू नकोस. त्या दिवशी तू गणित केलंस ते कागदावरच्या वाऱ्याचं, की टॉवरनं सांगितलेल्या वाऱ्याचं? एका शब्दात उत्तर दे. खारूला जाऊन दोन महिने झाले. माझ्याशी आता कुणी सांभाळून बोलायची गरज उरलेली नाही.

तिची बॅग तुझ्याकडे आहे. ती आण.

पत्र एवढंच. खाली 'तुझी ताई' नाही, आशीर्वाद नाही, काही नाही. कॅप्टननं ते जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. वर आल्यावर बायकोनं विचारलं, "कुणाचं?" तो म्हणाला, "ताईचं. बरं आहे सगळं." मग बूटही न काढता न्हाणीघरात गेला, आतून कडी लावली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

वैमानिक म्हटलं की लोकांना काळा चष्मा आणि ऐटदार चाल आठवते. हा त्यातला नव्हता. अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा, डबा घरून नेणारा साधा नोकरदार माणूस. नोकरी जमिनीपासून दहा किलोमीटर वर होती, इतकाच काय तो फरक. कंपनीत त्याला मागून 'मोजपट्टी' म्हणत. त्याच्या खिशात प्लास्टिकची एक गोल चकती असायची, कडेला अंश छापलेली, मध्ये फिरणारा काटा असलेली. विमानाला समोरचा वारा चालतो, उलट हवाच असतो. आडवा चालत नाही. म्हणून उड्डाणाआधी वैमानिक वाऱ्याची दिशा आणि झोत घेतात, धावपट्टीची दिशा बघतात, आणि त्या झोतातला नेमका किती भाग आडवा लागणार ते काढतात. धावपट्टी कोरडी असेल तर मर्यादा सैल, ओली असेल तर पंचवीस नॉट, म्हणजे ताशी शेहेचाळीस किलोमीटर. आत असेल तर जायचं, बाहेर असेल तर थांबायचं. बाकीचे हे तक्त्यावर नजर टाकून उरकत. हा चकती काढायचा, काटा फिरवायचा, मग पुन्हा एकदा फिरवायचा. त्याची बायको म्हणायची, "आमच्या लग्नात यांनी माझ्याकडे बघायच्या आधी माळेची लांबी मोजली असेल."

हे वेड त्याला ताईनंच लावलेलं. ती त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, म्हणून धाकट्याचा अभ्यास हिच्या गळ्यात. तो नऊ वर्षांचा असताना तिनं एका संत्र्यात विणायची सुई तिरकी खुपसली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "ही पृथ्वीची उत्तर. आणि ही, जरा बाजूला, होकायंत्राची उत्तर. या दोघींचं पटत नाही. कुठल्या गावात किती पटत नाही तेवढं विचारत जा, म्हणजे हरवणार नाहीस." नंतर दोघांनी मिळून ते संत्रं खाल्लं. पुढं विमान शिकताना अख्ख्या वर्गाला जे तीन दिवस कळलं नाही, ते याला आधीच पाठ होतं. छापील चिठ्ठीवरचा वारा खऱ्या उत्तरेपासून मोजतात. टॉवरवाला तोंडी सांगतो तो होकायंत्राच्या उत्तरेपासून. धावपट्टीचा आकडाही होकायंत्राचाच. म्हणून गणित टॉवरच्या वाऱ्यानं करायचं. पण हा राहायचा, उडायचा त्या मोठ्या शहरात दोन्ही उत्तरांत जेमतेम एका अंशाचा फरक. तीस वर्षं कागद आणि टॉवर त्याच्याशी एकच बोलत आले. माणसाला सवय लागते ती अशी.

ताईच्या मुलीला सगळे खारू म्हणत. लहानपणी खारीसारखी दोन्ही गालांत घास कोंबून हिंडायची, ते नाव चिकटलं. एकतिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. हा शब्द तिचाच. ताईची किडनी जुळली नाही, मामाची जुळली नाही. बाप तर ती चार वर्षांची असतानाच गेलेला. मग आठवड्यातून तीन दिवस यंत्राला जुंपून घेणं आलं, आणि दिवसाला सातशे मिलिलिटर पाणी. चहा, आमटी, औषधाचा घोट, सगळं त्यात. खारू बर्फाचा खडा गालात धरून बसायची. कुणी नळ सोडला की खोलीतून उठून जायची. किडनी मिळण्याच्या यादीत नाव लावून तीन वर्षं झाली.

एका सकाळी सहा वाजता मोठ्या शहरातल्या इस्पितळातून फोन आला. किडनी आहे. एक वाजेपर्यंत या, रक्त जुळवून बघायचंय. एकनंतर थांबता येणार नाही, यादीतला पुढचा माणूस इथं शहरातच आहे.

दैव एकदाच धावून आलं म्हणावं, असा तो योग होता. कॅप्टन आदल्या दिवशीच विमान घेऊन ताईच्या गावी मुक्कामाला आला होता आणि नऊ वाजता तेच विमान परत नेणार होता. प्रवास दोन तासांचा. तिथून इस्पितळ तासाभरावर. बारा वाजता पोचतील, वर एक तास हाताशी. त्यानं स्वतः काउंटरवर उभं राहून दोघींसाठी चौथ्या रांगेतल्या जागा मिळवल्या.

दारात खारूची बॅग अडकली. वरचे कप्पे भरलेले. जमिनीवरचा कर्मचारी म्हणाला, "द्या इकडे, खाली टाकतो."

"नीट हं," खारू म्हणाली, "आत माझी बाटली आहे."

"कसली बाटली?" मामानं विचारलं.

"तीन लिटरची! नवी कोरी. ऑपरेशन झाल्यावर रोज तीन लिटर पाणी प्यायचं, डॉक्टरांचा हुकूम आहे. मामा, मी जगातली सगळ्यात श्रीमंत बाई होणार. घटाघटा पिणार, अंगावर सांडत पिणार."

"आधी बस खाली," ताई म्हणाली, "आणि पट्टा लाव. सांडायचं नंतर बघू."

पावणेनऊला चिठ्ठी आली. वारा दोनशे अंशांवरून, अठरा नॉट, झोत अठ्ठावीस. पहाटे पाऊस पडून गेलेला, धावपट्टी ओली, तिची दिशा दोनशे सत्तर. कॅप्टननं चकती काढली, काटा फिरवला. आडवा वारा सव्वीस. पुन्हा फिरवला. सव्वीसच. शेजारी बसलेल्या सहवैमानिकेनं, सत्तावीस वर्षांच्या हुशार मुलीनं, आपल्या तक्त्यावर बघितलं आणि मान हलवली. तिचेही सव्वीस.

एका नॉटनं बाहेर.

एरवी तो इथं क्षणभरसुद्धा अडला नसता. पण मागं चौथ्या रांगेत खारू होती, आणि त्याच्या मनात लगेच सुटकेच्या वाटा धावायला लागल्या. झोत काही सतत नसतो. एक नॉट म्हणजे काय, आकडाच तर आहे. आणि हे विचार आलेले बघून तो स्वतःलाच घाबरला.

"सर," सहवैमानिका म्हणाली, "टॉवरला विचारू का वारा?"

"कशाला?"

"नाही, म्हणजे, बघू तरी ते काय म्हणतात."

"हातात कागद आहे ना?" तो खेकसला. त्याचा आवाज असा चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. "आपल्याला सवलत शोधायची नाहीये. भाची मागं बसलीय म्हणून मी चार जणांना विचारत फिरणार नाही. पुढची चिठ्ठी येऊ दे."

टॉवर वारा सांगतो तो धावपट्टीच्या तोंडाशी गेल्यावर. विमान फाटकालाच उभं, म्हणून टॉवरनं काही सांगितलं नाही, आणि यानं विचारू दिलं नाही.

तो स्वतः मागं जाऊन दोघींना सांगून आला. खिडकीतून धावपट्टीच्या कडेची, वारा दाखवणारी नारिंगी कापडी नळी दिसत होती, ताणून आडवी झालेली.

"किती वेळ?" ताईनं विचारलं.

"अर्ध्या तासानं नवा कागद येतो."

"बरं. तू तुझं काम कर. आमच्याकडे बघू नकोस."

"मामा," खारू म्हणाली, "वाऱ्याला सांग की मला अपॉइंटमेंट आहे."

सव्वानऊच्या चिठ्ठीवर तेच. दोनशे, झोत अठ्ठावीस. पावणेदहाला तेच. मधेच दुसऱ्या कंपनीचं पंख्यांचं विमान गर्जत गेलं आणि उडालं. त्या जातीच्या विमानाची मर्यादा वेगळी, पण हे प्रवाशांना कोण सांगणार? मागून एक जाडा गृहस्थ ओरडला, "त्यांना वारा लागत नाही वाटतं! का आपला पायलटच घाबरट?"

ताई पट्टा सोडून उभी राहिली. "घाबरट नाही. माझा भाऊ आहे तो. आयुष्यात त्याचं गणित चुकलेलं नाही. या विमानात मीही आहे आणि माझी मुलगीही आहे, आणि आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त घाई आहे. तेव्हा गप्प बसा."

जाडा बसला. कॉकपिटचं दार उघडंच होतं. कॅप्टननं ते सगळं ऐकलं, आणि त्याला बरं वाटलं. हे त्याला पुढं कधी विसरता आलं नाही, की त्याला बरं वाटलं.

सव्वादहाला आभाळ उघडायला लागलं. नंतरच्या चिठ्ठीवर झोत बावीसवर उतरलेला. दहा चाळीसला विमान धावपट्टीच्या तोंडाशी पोचलं, आणि टॉवरवाल्यानं, रोजच्यासारखं, जांभई आवरत असल्यासारखं सांगितलं, "वारा दोनशे दहावरून, झोत बावीस. उड्डाणाची परवानगी आहे."

दोनशे दहा.

चिठ्ठी त्याच्या मांडीवर होती. तिच्यावर दोनशे. संत्रं, सुई, ताईचा आवाज, सगळं एका दमात आलं. हे ताईचं गाव. इथं दोन्ही उत्तरांचं चौदा अंशांनी पटत नाही, आणि टॉवर आकडा दहाच्या पटीत सांगतो, म्हणून दोनशे चौदाचे दोनशे दहा. नऊ वाजता टॉवरला विचारलं असतं तर तो दोनशे दहाच म्हणाला असता, काटा चोविसावर थांबला असता, आणि विमान कधीच गेलं असतं. चोवीस. एका नॉटनं आत.

सहवैमानिकेनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं समोर बघितलं. "चला," तो म्हणाला, आणि विमान उडवलं. उत्तम उडवलं.

उतरले तेव्हा बारा चाळीस झाले होते. दोघी पट्ट्यावरच्या बॅगेसाठी न थांबता टॅक्सीकडे पळाल्या. म्हणजे ताई पळाली. खारू पळू शकत नव्हती, ताईनं तिला ओढत नेलं. पावणेदोनला त्याचा फोन वाजला.

"दुसऱ्याला दिली," ताई म्हणाली. "एक वाजून दहा मिनिटांनी त्याला वर नेलं. चांगले लोक आहेत, दहा मिनिटं जास्तच थांबले." मग फोन खारूकडे गेला. "मामा, तोंड पाडून बसू नकोस. तू केलंस ते बरोबर केलंस. तीन वर्षं थांबले, आणखी थोडी थांबेन. मला काय, बर्फ आहेच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्यानं. बाहेर आलं ते एवढंच, "तुझी बॅग राहिली."

"ठेव तुझ्याकडे. लागेल तेव्हा मागेन."

क्रू-रूममध्ये सहवैमानिका त्याच्याजवळ आली. "सर, ते दहा अंश..."

"माहितीय मला."

"मी परत एकदा विचारायला हवं होतं."

"तू विचारलं होतंस," तो म्हणाला. त्यानंतर ती त्याच्याबरोबर कधी उडाली नाही. ड्यूट्याच तशा लागत गेल्या, का तिनं लावून घेतल्या, कुणास ठाऊक.

त्यानं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. चौथ्या दिवशी तो सुरक्षा विभागात गेला. तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, ड्रॉवरमधून फॉर्मचा गठ्ठा काढला, एकेक उलटून पाहिला. "मर्यादा ओलांडलीत?"

"नाही. ओलांडली असं समजून थांबलो."

"मग काय नुकसान झालं? उशीर? तो हवामानाच्या खात्यात गेला. सर, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. सुरक्षित बाजूला झालेल्या चुकीला आपल्याकडे फॉर्मच नाही." अधिकारी हसला. "उलट तुमचं नाव मी वर पाठवणार आहे. भाची विमानात असताना एका नॉटसाठी थांबणारा माणूस! पोरांना शिकवण्यासारखं उदाहरण आहे हे."

आणि पाठवलं. अंकवाले आले, म्हणाले, ती चिठ्ठी असेल तर हातात धरा, छान दिसेल. त्यानं धरली. नव्या वैमानिकांच्या वर्गात त्याला उभं करायला लागले. दर दोन महिन्यांनी तो सव्वीस नॉट सांगायचा, पोरं माना डोलवायची, शेवटी टाळ्या व्हायच्या. दोनदा त्यानं ठरवलं की आज फळ्यावर दोन उत्तरा काढायच्या. खडू हातात घेतला आणि तारीख लिहून खाली ठेवला.

खारूला दुसरा फोन आला नाही. आठव्या महिन्यात, यंत्रासाठी गळ्यात बसवलेल्या नळीतून जंतू रक्तात गेले आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तिसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा तिला कुणी नीट ओळखू येत नव्हतं. त्याचा गणवेश मात्र तिनं ओळखला. ओठ फुटलेले. "मामा, बाटली आणलीस?"

"आणतो," तो म्हणाला.

बॅग तेव्हा त्याच्या लॉकरमध्ये होती, दोन तासांच्या अंतरावर.

आता बादलीवर बसून त्यानं पत्र तिसऱ्यांदा वाचलं. खोटं लिहिता येणार नव्हतं, ताई भूगोलवाली. सत्य लिहिलं तर? जन्मभर जी बाई त्याच्या गणिताची हमी देत आली, परक्या माणसांना गप्प बसवत आली, तिला सांगायचं, की तू शिकवलेलं पहिलंच गणित मी विसरलो, आणि तेही तुझ्याच गावात. तेही प्रामाणिक दिसण्याच्या नादात. बायकोनं दार वाजवलं, "अहो, पाणी येतंय का आत?" तो म्हणाला, "येतंय," आणि खरं दिसावं म्हणून नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकून लगेच बंद केला.

संध्याकाळी त्यानं साध्या कार्डावर एक शब्द लिहिला, 'कागदावरच्या.' आणि टपालात टाकला.

आठ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी उलट कार्ड आलं. त्यानं ते रस्त्यातच उभं राहून वाचलं. त्याला वाटलं होतं, ती फाडून खाईल. शिव्या देईल, तोंड बघणार नाही म्हणेल. तसं काही असतं तर माणूस निदान खाली मान घालून ते सोसू शकतो. कार्डावर ताईचं ठसठशीत अक्षर होतं.

'कळलं. बॅग आण.'

पुढच्या महिन्यात ताईच्या गावची फेरी लागली तेव्हा त्यानं बॅग लॉकरमधून काढली. सहा किलोची निळी बॅग, मुठीला त्या दिवशीचा कागदी पट्टा तसाच. कॉकपिटमागच्या कपाटात ठेवली. गावच्या हॉटेलात खोलीच्या दाराशी उभी केली. ताईचं घर तिथून पायी वीस मिनिटांवर, सरळ रस्ता, मध्ये एकच चौक. तो जोडे घालून पलंगावर बसला, साडेचारपासून साडेसातपर्यंत. ती दार उघडेल, बॅग हातातून घेईल, तिथंच जमिनीवर ठेवून उघडेल, कारण ताई कुठलंही काम मागं ठेवत नाही. एकेक कपडा काढून घडी तपासेल. मग बाटली बाहेर येईल, झाकणावरचं चिकटपट्टीचं सील न फोडलेली. ती बाटली बघून ताई काय करेल, एवढाच भाग त्याला दिसत नव्हता. सकाळी बॅग पुन्हा विमानात चढली.

असं पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी ताईचं कार्ड आधीच आलेलं असायचं. 'मंगळवारी येतोयस म्हणे. बॅग.' मग नुसतंच 'बॅग.' सहाव्या फेरीआधी कार्ड आलं नाही. सातव्या वेळीही नाही. त्यानं वेळापत्रक बदलून मागितलं, ते मिळालंही. त्या गावाला आता दुसरे लोक जातात.

निवृत्तीच्या दिवशी लॉकर रिकामा करताना त्यानं चकती कचऱ्यात टाकली. बॅग टाकली नाही. घरी कपाटावर ठेवली, पट्ट्याची बाजू भिंतीकडे करून. बायकोनं विचारलं, "ही कुणाची?"

"ताईची," तो म्हणाला. "नेऊन द्यायचीय."